पंचरत्नम यांना आज कोणती योजना पैसे देईल?

जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅल्शियमचा एकच आयन विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात टांगून ठेवायचा आणि त्यावर तांबड्या लेसरचा झोत सोडायचा, असा तो प्रयोग. झोत मात्र साधा नव्हता, त्याला पीळ दिलेला होता. त्याचा तरंगपृष्ठभाग सपाट न राहता चक्री जिन्यासारखा अक्षाभोवती फिरत पुढे सरकत होता. अशा झोताच्या अगदी मध्यावर प्रकाश नसतो, कारण तिथे सगळ्या बाजूंचे तरंग एकमेकांना खोडून टाकतात. पडद्यावर झोत पाडला तर उजेडाचे कडे दिसते आणि मधे काळा ठिपका. संशोधकांनी आयन नेमका त्या काळ्या ठिपक्यात आणून बसवला. तिथे प्रकाशाची तीव्रता शून्य, तरीही आयनातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला. त्या बिंदूपाशी क्षेत्र शून्य असले तरी त्याच्या दोन्ही बाजूंना ते झपाट्याने बदलत असते, आणि कॅल्शियममधले हे विशिष्ट संक्रमण क्षेत्रापेक्षा त्याच्या या बदलालाच दाद देते. वर जाताना इलेक्ट्रॉनने कोनीय संवेगाची दोन एककेही घेतली. त्यातले एक प्रकाशाच्या ध्रुवीकरणातून आले आणि दुसरे त्याच्या पिळातून.

प्रकाशाचा रंग आणि तीव्रता तीच ठेवून केवळ त्याची घडण बदलली, तर अणू वेगळा वागतो, हे यातून इतक्या स्वच्छपणे दिसते की त्याचे महत्त्व कळायला पदार्थविज्ञानाची पदवी लागू नये. याला व्यवहाराची बाजूही आहे. अणूवर आधारलेल्या अतिअचूक घड्याळांत एक जुनी अडचण असते. मोजण्यासाठी अणूवर सोडलेला प्रकाशच अणूच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकवतो, म्हणजे मोजमाप करता करता मोजायची गोष्टच हलते. काळ्या ठिपक्यात बसवलेल्या आयनात हे सरकणे खूपच कमी झालेले आढळले. पुण्याच्या आयुकात यटर्बियमच्या आयनावर आधारलेले असे घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे, तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

तो आणखीही जवळचा आहे. ध्रुवीकरणाशी जोडलेला प्रकाशाचा कोनीय संवेग, म्हणजे फोटॉनचे स्पिन, याचा प्रायोगिक पुरावा रामन आणि भगवंतम यांनी १९३१ साली विखुरलेल्या प्रकाशाची मोजमापे घेऊन मांडला होता. प्रकाशाच्या पिळातही वेगळा कोनीय संवेग असतो, हे लायडनमध्ये लेस ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले. मग प्रश्न उरला तो असा पीळ सहज द्यायचा कसा याचा. २००६ साली नेपल्समधल्या संशोधकांनी त्यासाठी द्रव-स्फटिकाची एक पातळ चकती सुचवली. ही चकती ज्या तत्त्वावर चालते ते बंगळुरूत १९५६ साली मांडले गेले होते. मांडणारा बावीस वर्षांचा होता. त्याचे नाव एस. पंचरत्नम, रामन यांचा भाचा, आणि त्याच्या हाती साधने होती ती मुख्यतः स्फटिक, ध्रुवीकरणाच्या पट्ट्या आणि भूमिती.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची प्रत्येक अवस्था एका काल्पनिक गोलावरचा बिंदू म्हणून दाखवता येते. आता प्रकाशाला एका अवस्थेतून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या आणि पुन्हा पहिल्या अवस्थेत आणले, तर गोलावर एक बंद वाट तयार होते. प्रकाश होता त्याच अवस्थेत परततो, पण त्याचा फेज, म्हणजे तरंगाच्या चढउतारातले त्याचे स्थान, मात्र बदललेला असतो. तो किती बदलला हे प्रकाशाने केलेल्या प्रवासाच्या लांबीवर ठरत नाही. त्या वाटेने गोलावर वेढलेल्या भागाच्या निम्मा, इतका तो असतो. नेपल्सच्या चकतीत द्रव-स्फटिकांची दिशा जागोजागी बदलती ठेवलेली असते. झोताचा प्रत्येक भाग त्यामुळे गोलावर वेगळी वाट धरतो, प्रत्येकाला वेगळा फेज मिळतो, आणि चकतीतून बाहेर पडणारा तरंगपृष्ठभाग पिळलेला असतो. अशा साधनांच्या वर्णनात आज जगभर पंचरत्नम यांचे नाव घेतले जाते. पुढे ते ऑक्सफर्डला गेले, तिथे अणू आणि प्रकाश यांच्यातल्या देवाणघेवाणीकडे वळले, आणि घड्याळांना छळणाऱ्या त्याच सरकण्यावर त्यांनी १९६६ साली निबंध लिहिला. १९६९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले.

आता आजच्या योजनांकडे पाहू. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत ६,००३ कोटी रुपये आणि चार केंद्रे, त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत. २०२५ साली त्याहून कितीतरी मोठी, एक लाख कोटींची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना मंजूर झाली. ती खासगी क्षेत्रासाठी आहे आणि तिचा भर सज्जतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या तंत्रज्ञानावर आहे, म्हणजे कल्पना प्रयोगशाळेत उभी राहून दिसल्यावर. या दोन्ही योजनांना माझा विरोध नाही. पण १९५६ चा पंचरत्नम या दोन्हींच्या चौकटीत बसत नाही. त्याच्याकडे उत्पादन नव्हते, टप्पे नव्हते, मुदत नव्हती. स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशाबद्दलचा एक प्रश्न होता आणि तो घेऊन बसायला जागा होती. आपल्या विज्ञानखर्चात नेमकी ही जागा आक्रसते आहे, आणि ती आधी वाढवली पाहिजे, असे माझे मत आहे.

यावरचा सर्वात जड आक्षेप पंचरत्नम यांच्याच कहाणीतून येतो. ते काम तीस वर्षे पडून राहिले. १९८४ मध्ये ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी पुंजयांत्रिकीत स्वतंत्रपणे तशीच गोष्ट शोधली. त्यानंतर १९८६ मध्ये रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी बंगळुरूतून त्या जुन्या निबंधाकडे लक्ष वेधले, आणि बेरींनी मोकळेपणाने श्रेय दिले. मग असे काम करून देशाला काय मिळाले, फायदा तर नेपल्स आणि माइन्झला झाला, असे कोणी म्हणेल. आक्षेपातले तथ्य मान्य केले पाहिजे. १९५६ साली लेसर नव्हता, द्रव-स्फटिकांचे तंत्र नव्हते, त्यामुळे थोडा उशीर अटळ होता. पण उरलेला उशीर माणसांच्या कमतरतेचा आहे. तो निबंध वाचून त्यावर हात टाकणारे दहा गट देशात असते, तर आठवण करून द्यायला तीस वर्षे लागली नसती. एकटा हुशार माणूस पुरत नाही, त्याच्या भोवती त्याच विषयात काम करणारी वस्ती लागते. ती मोहिमेच्या घोषणेबरोबर तयार होत नाही. ती आधीपासून असावी लागते, आणि मोहीम आली की तीच मोहिमेला माणसे पुरवते.

लेसरच्या स्पंदांची हकिगतही याच वळणाची आहे. १९८७ साली फ्रान्समधल्या साक्ले येथे ॲन लुइलिए आणि त्यांचे सहकारी निष्क्रिय वायूवर अवरक्त लेसर सोडून त्यातून काय बाहेर पडते ते पाहत होते. मूळ रंगाच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारितेचा प्रकाश निघतो हे ठाऊक होते आणि तो पायरीपायरीने मंदावत जाईल अशी अपेक्षा होती. तो मंदावला नाही. बऱ्याच वरच्या पायऱ्यांपर्यंत जवळपास सारखाच राहिला. हे का घडते हे नीट उलगडायला काही वर्षे गेली. याच प्रकाशातून २००१ साली पिएर अगोस्तिनी यांनी २५० अटोसेकंदांच्या आणि फेरेन्ट्स क्राउझ यांनी ६५० अटोसेकंदांच्या स्पंदाची नोंद केली, आणि अणूतल्या इलेक्ट्रॉनची हालचाल तिच्याच वेगाने पाहणे शक्य झाले. नोबेल आले २०२३ मध्ये. १९८७ आणि २००१ यांच्यामध्ये एखाद्या वित्त अधिकाऱ्याने पाच वर्षांचा ताळेबंद मागितला असता, तर दाखवण्यासारखे उत्पादन काहीच नव्हते. उलट उदाहरणही द्यायला हवे. १९८५ साली रॉचेस्टरमध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणून, मग वाढवून, शेवटी दाबण्याची युक्ती काढली, आणि तिचा वापर लवकर पसरला. तेव्हा प्रत्येक मूलभूत काम तीस वर्षे झोपते असे नाही. कोणते लवकर उठेल, हे आधी सांगता येत नाही इतकेच.

गरीब देशाने आधी पोटापाण्याचे पाहावे, हा आक्षेप सभ्य आहे आणि तो टाळू नये. पण भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे. तो कमी करून पोटापाण्याचा कोणताच प्रश्न सुटणार नाही. मी मागतो तो त्यातला अगदी लहान वाटा आहे. प्रकाशविज्ञानाची चांगली छोटी प्रयोगशाळा कणत्वरकाइतकी महाग नसते. कंप शोषणारे टेबल, एक स्थिर लेसर, आरसे, भिंगे, शोधक आणि ती सगळी सांभाळणारी तीन-चार माणसे, एवढ्यावर ती चालते. कोणाच्याही कुतूहलाला पैसे द्यायचे का, असे विचारणाऱ्यांना उत्तर सरळ आहे : निवड करा, पण अर्जदाराच्या आश्वासनावरून नव्हे, त्याच्या आजवरच्या कामावरून करा, आणि एकदा निवडल्यावर त्याला वेळ द्या.

अडतो तो वेळ. राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू का हेच ठाऊक नसते. अशा माणसाने दहा वर्षांचा प्रश्न हाती कसा घ्यावा? पुणे-मुंबईच्या केंद्रीय संस्थांत जे चालते त्याचा कोल्हापूर, नांदेड, अमरावतीच्या विद्यार्थ्याला स्पर्श होत नाही, तोवर वर म्हटलेली वस्ती तयार होणार नाही. २०२५ मध्ये केंद्राने आपल्या संस्थांसाठी वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम सैल केले, ते योग्यच झाले. राज्याने आपल्या विद्यापीठांसाठी तेच करावे, मंजूर जागा कायमस्वरूपी भराव्यात, आणि प्रत्येक विद्यापीठाच्या भौतिकी विभागात किमान एका प्रकाशप्रयोगशाळेला दहा वर्षांचा अनुदान करार द्यावा. पाचव्या वर्षी तिचे परीक्षण अवश्य व्हावे, पण ते उत्पादन विचारणाऱ्यांनी न करता त्याच विषयात काम करणाऱ्यांनी करावे.