आई लपविणारा सार्जंट

लढाईच्या दिवशीं सारे शिपाई भाऊ असतात. बढती व पेन्शन वांटावयाच्या दिवशीं मात्र जन्म आठवतो. ही गोष्ट आमच्या शेतकरी घरांस कोणी शिकवावयास नको. पण समुद्रापलीकडेहि ती अशीच घडली, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें रशीद बुशारेब यांचा ‘अँदिजेन’ हा २००६ सालचा चित्रपट पाहावा. ‘अँदिजेन’ म्हणजे नेटिव्ह. नांवांतच सगळें आलें.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धांतील. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखालीं होतें, व अल्जीरिया-मोरोक्को फ्रान्सच्या. तेथील गरीब मुसलमान पोरें फौजेंत भरती होतात. सैद हा शेळ्या राखणारा. यासिर पैशासाठीं आलेला. अब्देलकादेर लिहितावाचता, आपण मर्दुमकी केली म्हणजे सरकार न्याय देईलच, असें समजणारा. जो देश यांनीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं, त्यास मायभूमि म्हणून हे सोडवावयास निघाले. आगबोटीवर काळ्या शिपायांस टोमॅटो नाकारतात, तेव्हां अब्देलकादेर विचारतो, जर्मनाची गोळी रंग पाहून लागते काय? तंटा वाढतो, तेव्हां सर्वांस सारखें वागवूं, असें वचन मिळतें. वचन मिळालें, बढती मिळाली नाहीं!

पण आमचें लक्ष खिळलें तें सार्जंट मार्तिनेझवर. हा अल्जीरियांत वाढलेला गोरा. शिपायांस शिव्या देतो, आणि वरिष्ठांपुढें त्यांचीच बाजूहि मांडतो. एके दिवशीं सैदला त्याच्या आईचा फोटो दिसतो. आई अरब! पोराला आनंद होतो. तो म्हणतो, आपण एकाच मातीचे. त्याबरोबर सार्जंट त्याच्या अंगावर धांवतो व दम देतो कीं, बोललास तर जीव घेईन. पुढें आल्सासच्या खेड्याकडे जातांना सार्जंट जखमी होतो. त्याला वांचविण्याच्या खटपटींत तोच सैद मरतो, व सार्जंटहि मरतो. मरणानें त्यांस एकत्र आणिलें. जिवंतपणीं हुद्दा आड आला.

गांव राखणाऱ्यांपैकीं एकटा अब्देलकादेर उरतो. फोटोवाला फोटो काढतो तो मागाहून आलेल्या गोऱ्या शिपायांचा. कामापुरता मामा!

हें नुसतें नाटक नव्हे. ८ मे १९४५ रोजीं युरोपांत विजयोत्सव चालू असतां अल्जीरियांतील सेतिफ येथें स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९५९ सालीं फ्रान्सनें कायदा करून स्वतंत्र होणाऱ्या वसाहतींतील जुन्या शिपायांचें पेन्शन गोठविलें. महागाई वाढली, पेन्शन तेथेंच. २००६ च्या सप्टेंबरांत हा चित्रपट पडद्यावर आला, तेव्हां कोठें सरकारनें तें सारखें करण्याचें जाहीर केलें. तोंवर किती म्हातारे मातीआड गेले असतील!

याच इटलींत आमचीं पोरेंहि लढलीं. माणगांवकडील यशवंत घाडगे १९४४ सालीं तेथेंच पडले. नगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव यांनीं १९४५ सालीं सेनियो नदीवर पराक्रम केला. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्या फौजेंतील आमचा सुभेदार केस पिकले तरी एका गोऱ्या शिपायास हुकूम करूं शकत नव्हता. आणि ज्या महारांनीं पिढ्यान्‌पिढ्या तलवार गाजविली, त्यांची भरती त्याच सरकारनें १८९२ च्या सुमारास बंद केली होती.

अशा शिपायांचें इमान खरें कोणाशीं, असा प्रश्न शहाणे लोक करतात. आम्ही म्हणतों, प्रश्नच उलटा आहे. ज्यानें रक्त दिलें त्याचें इमान कसलें तपासतां? ज्यानें रक्त घेतलें त्याचें तपासा. इमान हा दोघांमधील करार आहे. मालकानें खळ्यावरून पायली नाकारावयाची आणि गड्यास मात्र निमकहराम म्हणावयाचें, हा कोठचा न्याय?

कोणी म्हणेल, शिपायास जात नसावी, सर्वांनीं एक व्हावें. कबूल! पण एक होण्याची सुरुवात वरच्यानें करावी; खालच्यानें आपली आई लपवून नव्हे.

मार्तिनेझला हंसूं नका. तो आपल्याहि आळींत आहे. पोरगा शिकतो, शहरांत चाकरी धरतो. मग कचेरींतील मित्र घरीं आले म्हणजे लुगडें नेसलेली आई मागल्या दारीं जाते. बापाचा धंदा विचारला तर कुंभाराचें चाक, चांभाराची आरी, कुणब्याचा नांगर यांचें नांव जिभेवर येत नाहीं. ही लाज त्यानें आईच्या पोटांतून आणिली नाहीं. ती त्याला बाहेर शिकविली गेली, हें आम्ही जाणतों. तरी एवढें सांगावेंसें वाटतें: बाबांनो, खुर्ची मिळवा, हक्कानें मिळवा, भांडून मिळवा. पण आईचा फोटो खिशांत दडवूं नका, भिंतीवर लावा. म्हणजे मागून येणाऱ्या सैदला कळेल कीं, आपलें माणूस तेथें बसलें आहे.