माळ्यावरचे कन्सोल खाली उतरवा

बंगळुरूच्या हेब्बाळ, नागवारा, सहकारनगर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही हाक आहे. नोकरीच्या निमित्तानं आपण इथे आलो, संसार थाटले, घरं बदलली. त्या धांदलीत एखादा जुना कन्सोल माळ्यावर गेला असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. मला सगळेच जुने खेळ वाचवायचे आहेत, पण सगळ्यात आधी एक: 'पॉवर स्टोन'.

नव्वदीत पार्लरमध्ये नाणं टाकून 'मुस्तफा' खेळलेल्यांना कॅपकॉम ही कंपनी वेगळी सांगायला नको. त्याच कॅपकॉमनं 1999 मध्ये सेगाच्या 'नाओमी' यंत्रावर आणि ड्रीमकास्ट कन्सोलवर हा खेळ आणला. तोवर मारामारीचा खेळ म्हणजे बहुतेकदा समोरासमोर उभे दोन लढवय्ये आणि मागे रंगवलेला पडदा. 'पॉवर स्टोन'मध्ये ती जागाच लढाईत उतरली. टेबल उचला आणि फेका, खांबाला धरून गिरकी घ्या आणि लाथ हाणा, भिंतीवरून उसळी मारा. मैदानात रत्नं पडतात; तीन हाती आली की तुमचा गडी रूप पालटतो आणि काही क्षण अजिंक्य वाटतो. पण जोराचा फटका बसला की रत्न अंगातून निसटून दूर उडतं आणि दोघेही त्याच्यामागे धावतात. त्यामुळे हरत आलेल्यालाही शेवटपर्यंत आशा असते. म्हणूनच लहान भाऊ मोठ्या भावाबरोबर हा खेळ खेळायला तयार होतो. 2000 सालच्या दुसऱ्या भागात चौघे एकदम उतरतात. तिथलं उडतं जहाज लढाई चालू असतानाच मोडतं, सगळे आभाळातून कोसळू लागतात आणि पडता पडता छत्रीसाठी झोंबाझोंबी सुरू होते. इतकी मोकळी, इतकी खेळकर रचना मी त्यानंतर फार थोड्या ठिकाणी पाहिली.

2001 च्या जानेवारीत सेगानं ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. खेळाची तबकडीही साधी सीडी नव्हे, सेगाची स्वतःची जीडी-रॉम. घरातल्या संगणकात घालून ती नीट वाचता येत नाही. कन्सोलमधली लेझर थकली की तबकडी नुसती फिरत राहते. आतली बॅटरी मेली की यंत्र दर वेळी तारीख आणि वेळ विचारतं. हे सगळं अजून दुरुस्त होऊ शकतं, पण दुरुस्त करणारे हात आणि सुटे भाग वर्षागणिक कमी होत जाणार.

कोणी म्हणेल, कॅपकॉमनं मे 2025 मध्ये दोन्ही भाग नव्या संग्रहात परत आणले की! आणले, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. जरूर विकत घ्या. पण ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ त्या दुकानाच्या मर्जीवर जगतो. निन्टेन्डोनं मार्च 2023 मध्ये थ्री-डीएस आणि वी-यू या कन्सोलांची दुकानं बंद केली. त्याच वर्षी 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या पाहणीत दिसलं, की अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा अधिकृतपणे विक्रीला उपलब्धच नव्हते. 'पॉवर स्टोन'चं नशीब थोर. बाकीच्यांचं काय?

आपल्या हेब्बाळात 2018 साली एक वीरगळ उजेडात आला. साधारण इ.स. 750 चा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, लढताना पडलेल्या कित्तय्याचा. बंगळुरूतला हा सर्वांत जुना कन्नड शिलालेख मानला जातो. जाणत्या लोकांनी तो ओळखला, जपला. पावणेतेराशे वर्षांनीही तो वाचता आला, कारण दगडाला वाचायला डोळे पुरतात. 'पॉवर स्टोन'ला यंत्र लागतं, रिमोट लागतो, टीव्ही लागतो आणि शेजारी बसून खेळणारं माणूसही लागतं. अवघं पाव शतक उलटलं आणि त्याला धाप लागली.

सिनेमाच्या बाबतीत आपण उशीर केला होता. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये निघालं, तोवर मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं गेलं होतं. 'राजा हरिश्चंद्र'ही पुरता उरला नाही. पुस्तकांसाठी 1954 चा कायदा आहे, प्रकाशकाला ठरावीक ग्रंथालयांत प्रत पाठवावी लागते. व्हिडिओ गेमसाठी असं काही नाही. कर्नाटकानं अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगाचं धोरण 2012 मध्ये आखलं. आता त्याच धोरणात जुने खेळ आणि जुनी यंत्रं चालू स्थितीत जपणारं संग्रहालय मागायला हवं. या शहरात खेळ बनवणारे इतके मराठी तरुण आहेत. ही मागणी तुमच्या सहीनं गेली तर तिला वजन येईल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. कन्सोल उतरवा, फडक्यानं पुसा, आधी चालू होतो का ते पाहा. तबकड्या, वायरी, रिमोट, माहितीपुस्तिका, बिलंसुद्धा एकाच खोक्यात ठेवा आणि वर यंत्राचं नाव लिहा. ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी बॅटरी बदलून देण्याची तयारी दाखवा. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ मागून घ्या, एक टीव्ही आणि चार रिमोट लावा. 'पॉवर स्टोन'चा दुसरा भाग चालू करा आणि पहिला डाव मुलांना खेळू द्या.