फॅक्टरीतून आला तसा!

लॅपटॉप बंद पडला की आपल्या सगळ्यांचा एक ठरलेला फंडा असतो. आधी रिस्टार्ट. मग पुन्हा रिस्टार्ट. मग चार्जर काढून, दोन मिनिटं देवाचं नाव घेऊन पुन्हा रिस्टार्ट. मग 'यातलं कळतं' अशा मित्राला फोन. आणि तो मित्र फोन उचलत नसेल, तर शेवटचं ब्रह्मास्त्र : फॅक्टरी रिकव्हरी. एक की दाबायची, चहा घेऊन यायचं, आणि मशीन फॅक्टरीतून आलं होतं तसं नवंकोरं!

तो फोन न उचलणारा मित्र म्हणजे मी. राहतो माणमध्ये. म्हणजे हिंजवडीच्या फेज ३च्या काचेच्या इमारती जिथे संपतात आणि मुळशीची भातखाचरं जिथे सुरू होतात, तिथे. दर चार घरांमागे तीन लॅपटॉप, त्यामुळे रविवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली की बाहेर दूधवाला नसतो, बगलेत लॅपटॉपची बॅग धरलेला कुणीतरी असतो. आणि त्याचं पहिलं वाक्य शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं, 'रिकव्हरी मारून बघितली रे, पण तीही फेल झाली.'

आता ही 'रिकव्हरी' मुळात असते काय, ते एकदा बघू. वीसेक वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला की खोक्यात सीडी मिळायच्या. त्यावरून सगळं पुन्हा टाकता यायचं. आपण त्या सीडी कपाटात टाकायचो आणि घर बदलताना हरवायचो, तो भाग वेगळा. पुढे कंपन्यांनी सीडीचा खर्च वाचवला आणि हार्ड डिस्कवरच एक लपलेला कप्पा करून त्यात विंडोजची मूळ प्रत ठेवायला सुरुवात केली. एचपीला एफ ११, आसुसला एफ ९, एसरला ऑल्ट आणि एफ १०, तोशिबाला चक्क शून्याचं बटण. प्रत्येकाचा मंत्र वेगळा, देव एकच. पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर 'रिकव्हरी डिस्क बनवून ठेवा' अशी एक खिडकी यायची. ती आपण सगळ्यांनी 'नंतर आठवण करा' म्हणून बंद केली.

गोम इथेच आहे. ती मूळ प्रत त्याच डिस्कवर बसलेली असते, जी बिघडण्याची आपल्याला भीती आहे. घराला आग लागली तर विझवायची बादली त्याच घराच्या माळ्यावर! सॉफ्टवेअरची गडबड असेल, व्हायरस असेल, एखादा अपडेट अर्धवट बसला असेल, तर बादली खाली काढता येते. पण डिस्कच मरायला लागली असेल, तर ती बादलीही पेटलेली असते.

आणि दुसरं, जे बटणावर कुणी लिहीत नाही. फॅक्टरी रिकव्हरी मशीनला वाचवते, तुम्हाला नाही. तुमचे फोटो, तुमचं काम, तुमचा अर्धवट लिहिलेला सीव्ही, यातलं काहीच फॅक्टरीतून आलेलं नव्हतं. त्यामुळे 'फॅक्टरीतून आला तसा' या वचनात त्याला जागाच नाही.

आमच्या सोसायटीत एक ताई आहेत. घरून अकाउंट्सचं काम करतात. क्लायंट सगळे माण-हिंजवडीतलेच : प्लंबिंगचा कॉन्ट्रॅक्टर, कँटीनला भाजी पुरवणारा, हार्डवेअरचं दुकान, दोन टेम्पोवाले, असे अकरा जण. अकराही जणांचे जीएसटीचे हिशेब एका २०१८ सालच्या लॅपटॉपवर, टॅलीमध्ये. गेल्या पावसाळ्यात महिन्याच्या १८ तारखेला तो लॅपटॉप निळा स्क्रीन दाखवून बसला. रिटर्न भरायची शेवटची तारीख २०. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, कर थकला तर वर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम मोठी नसेलही, पण 'ताईंकडे दिलं की टेन्शन नाही' या एका वाक्यावर त्यांचा सगळा धंदा उभा आहे.

त्यांनी शहाण्या माणसासारखं आधी विंडोजचं रिसेट निवडलं होतं, 'माझ्या फाइल्स ठेवा' हा पर्याय. हे आणि फॅक्टरी रिकव्हरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का. रिसेटमध्ये विंडोज स्वतःच्या फाइल्स नव्याने मांडतं, तुमची कागदपत्रं शाबूत ठेवतं, पण तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. मध्येच जमलं नाही तर बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं मागे घेतं. फॅक्टरी रिकव्हरी मात्र आधी सी ड्राइव्ह पुसते, मग नवं टाकायला घेते. ताईंचं रिसेट तीनदा झालं, तीनदा मागे फिरलं.

'अरे, हे दर वेळी ५४ टक्क्यांवरच अडकतंय,' ताई म्हणाल्या. 'कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. ते म्हणाले, आता फॅक्टरी रिकव्हरी करा. डेटा जाईल, पण मशीन चालू होईल. करू का?'

कंपनीचं नाव सांगत नाही. हेल्पलाइनवरचा मुलगा त्याच्यासमोरचा कागद वाचत होता, त्यात त्याचा काय दोष? त्याचं काम मशीन चालू करणं. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत डेटाची जबाबदारी जवळपास कुठलीच कंपनी घेत नाही.

पण '५४ टक्क्यांवरच' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. रॅम खराब असेल तर मशीन वाटेल तिथे कोसळतं. गरम होऊन बंद पडत असेल तर वेळ मागेपुढे होते. दर वेळी त्याच जागी गाडी थांबते, तेव्हा त्या जागी रस्ताच खचलेला असण्याची शक्यता मोठी. डिस्कवरचा एखादा पट्टा वाचता येत नाही, मशीन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि हात टेकतं. लॅपटॉपला कान लावला तर आतून बारीक 'टक... टक...' येत होतं. मग मी एकच सांगितलं, 'ताई, आता याला काही दुरुस्त करायला सांगायचं नाही. फक्त वाचायचं.'

आजारी डिस्कवर प्रत्येक रिसेट म्हणजे काही जीबी वाचणं आणि काही जीबी लिहिणं. तापाच्या पेशंटला सिंहगड चढायला लावण्यासारखं. म्हणून आम्ही विंडोजच्या वाटेला गेलोच नाही. पेन ड्राइव्हवर उबुंटू घेतलं. ते डिस्कवर न टाकता नुसतं 'ट्राय' करता येतं, म्हणजे मशीन पेन ड्राइव्हवरून चालतं आणि आतली डिस्क फक्त उघडून बघायची. दुसरीकडे एक चांगली एक्स्टर्नल डिस्क लावली. मग प्रश्न, आधी काय उचलायचं? फोटो म्हटले की आपला जीव खालीवर होतो, पण ताईंनी क्षणभरही विचार केला नाही. 'आधी टॅली.' टॅलीचा डेटा म्हणजे पाच आकडी नावांची फोल्डर्स, एका कंपनीला एक. अकरा फोल्डर्स, सगळी मिळून एखाद्या सिनेमापेक्षाही हलकी.

नऊ पहिल्या वीस मिनिटांत आली. दहावं अडकलं. त्यासाठी डीडी-रेस्क्यू नावाचं फुकट मिळणारं हत्यार रात्रभर चालवलं. त्याची खुबी अशी, की ते आधी वाचण्यासारखा सगळा भाग उचलतं आणि खचलेल्या जागांकडे शेवटी, तुकड्यातुकड्याने वळतं. सकाळी दहावं आलं. अकरावं, हार्डवेअरच्या दुकानाचं, उघडलंच नाही. १९ तारखेला तो दुकानदार बिलबुकांची पिशवी घेऊन ताईंच्या हॉलमध्ये बसला आणि दोघांनी मिळून महिन्याभराची बिलं दुसऱ्या लॅपटॉपवर पुन्हा मारली. त्याआधीच्या महिन्यांचं काम पुढे दिवाळीपर्यंत पुरलं.

नंतर, नुसत्या कुतूहलापोटी, मी त्या डिस्कचा लपलेला रिकव्हरी कप्पा कॉपी करायला घेतला. तोही अर्ध्यात वाचता येईना. म्हणजे ताईंनी हेल्पलाइनचं ऐकून ती की दाबली असती तर? सी ड्राइव्ह पुसला गेला असता आणि नवं विंडोजही बसलं नसतं. अकरा फोल्डर्स तिकडे, मशीन इकडे. हात रिकामे.

हे फक्त आपल्यासारख्या गरिबांचं होतं असं समजू नका. १९ जुलै २०२४चा शुक्रवार आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष अपडेट सोडला. ७८ मिनिटांत तो मागेही घेतला. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली होती. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरले. गंमत म्हणजे इलाज अगदी किरकोळ होता : सेफ मोडमध्ये जा, एक फाइल डिलीट करा, रिस्टार्ट. पाच मिनिटांचं काम! पण मशीन चालूच होत नसेल तर दुरून काही करता येत नाही. एकेका मशीनपुढे माणूस जाऊन बसवावा लागला. त्यात डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की टाइप करायची. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोही निळा पडलेला. पुन्हा तीच माळ्यावरची बादली, फक्त जगभराच्या मापाची.

आणि रिकव्हरी स्वतःही आजारी पडते. ऑगस्ट २०२५च्या विंडोज अपडेटने विंडोज १० आणि ११च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये रिसेटच मोडून ठेवलं, १९ ऑगस्टला घाईने दुरुस्ती सोडावी लागली. ऑक्टोबरमध्ये त्याहून मजा. विंडोज ११च्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस चालेनासा झाला. पर्याय समोर दिसतायत, निवडायचे कसे? ते २० ऑक्टोबरला निस्तरलं. मधले सहा दिवस ज्यांचं मशीन बसलं, त्यांनी काय केलं असेल देव जाणे.

तेव्हा बादली घराबाहेर ठेवा. मशीन धडधाकट असताना, आज रात्री जेवण झाल्यावर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज टाकून ठेवा. 'पण लायसन्स?' हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची लायसन्स की डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. डिस्क नवी टाकली तरी तीच आवृत्ती असेल तर विंडोज ती ओळखतं. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणी 'विंडोज टाकायचे' म्हणून वेगळी लायसन्स गळ्यात मारायला लागला, तर हसून बाहेर पडा.

अलीकडच्या मशीन्समध्ये आणखी एक भानगड आहे. विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. चोराच्या दृष्टीने वाईट, आपल्या दृष्टीने चांगलं. पण ताईंची डिस्क तशी असती तर माझं उबुंटू नुसतं कुलूप बघत बसलं असतं. ती ४८ आकडी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर सापडते. कागदावर लिहा, कागद लॅपटॉपच्या बॅगेत सोडून कुठेही ठेवा. आईच्या स्टीलच्या डब्यातसुद्धा चालेल, आधार कार्डं तिथेच असतात नाहीतरी.

बॅकअपचं प्रवचन मी देणार नाही, तुम्ही ते ऐकून ऐकून कंटाळला आहात. एवढंच सांगतो, की घेतलेला बॅकअप वर्षातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाचलेली पॉलिसी.

एक चांगली बातमीही आहे. निळा स्क्रीन आला म्हणजे प्रत्येक वेळी डिस्कच गेली असं नाही. त्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा, कारण तो दोन सेकंदांत गायब होतो आणि दुरुस्त करणाऱ्याला तोच हवा असतो. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू व्हायचं चुकलं की आपणहून रिपेअरचा स्क्रीन आणतं. तिथे शेवटचा अपडेट काढून टाकायचा पर्याय असतो, सिस्टिम रिस्टोअर असतो, सेफ मोड असतो. सगळ्यात सौम्य औषध आधी. पुसून टाकणारं सगळ्यात शेवटी, आणि तेही डेटा बाहेर आल्यावर.

हे सगळं घरच्या लॅपटॉपचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करायला जाऊ नका. त्याची की आयटीवाल्यांकडे असते, डेटा कंपनीचा असतो, आणि आपण पेन ड्राइव्ह लावला की फेज ३च्या कुठल्यातरी मजल्यावर कुणाच्यातरी स्क्रीनवर लाल दिवा लागतो. तिथे सरळ तिकीट टाका आणि कँटीनला जा.

ताईंनी आता दोन एक्स्टर्नल डिस्क घेतल्यात. शुक्रवारी संध्याकाळी टॅलीचा बॅकअप एकीवर, पुढच्या शुक्रवारी दुसरीवर. एक घरी, दुसरी हार्डवेअरवाल्याच्या दुकानातल्या गल्ल्यात. ती तिथे ठेवायची आयडिया त्याचीच.