पहिल्या वर्षीचा मध माशांचाच!

सातेरीची नवी वसाहत टॉप बार पेटीत बसवली असं सांगितलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग मध कधी?" प्रश्न प्रेमाचाच असतो, पण मला तो पटत नाही. का, ते सांगतो.

टॉप बार म्हणजे चौकटी नसलेली पेटी. आडव्या खोक्यावर नुसत्या लाकडी पट्ट्या. माशा त्यांच्याखाली आपल्या मनाने पोळी बांधतात. १९७० च्या दशकात केनियात हिचा प्रसार झाला. स्वस्त, गावचा सुतारही करून देईल अशी.

सातेरी मात्र मोठी मानी! मुंग्या आल्या, आपण सारखं उघडून बघितलं, की बिऱ्हाड उठलंच. म्हणून हलवायचं ते संध्याकाळी. अंडी-अळ्यांचं पोळं दोऱ्याने पट्टीला बांधून द्यायचं. पिल्लं असली की माशांचा पाय सहजासहजी निघत नाही. राणी आत आली ना, हे बघायचं. पेटी अगदी सपाट ठेवायची, कारण पोळं सरळ खाली लोंबतं आणि पहिलं वाकडं गेलं की पुढची सगळी त्याच्यामागे वाकडी. तपासताना पोळं उभंच धरायचं. कोवळं पोळं उन्हाळ्यात आडवं केलंत तर हातात तुटलंच म्हणून समजा.

आता मधाचं. चौकटीच्या पेटीत मध यंत्रात फिरवून काढतात आणि रिकामं पोळं माशांना परत देतात. टॉप बारमध्ये पोळं कापावंच लागतं. म्हणजे मध गेला तो गेलाच, वर मेणही गेलं. हे मेण कामकरी माशांच्या अंगातून येतं, आणि तेही मध खाऊनच. नव्या वसाहतीवर हा दुहेरी भुर्दंड कशाला? एप्रिल-मे मध्ये आपण बरणी भरली, तर जुलैच्या झडीत, फुलं नसताना, त्यांनी खायचं काय?

साखरेचा पाक देता येतो, कबूल. नव्या वसाहतीला सुरुवातीला तो द्यावाही. पण आधी पुढ्यातलं ताट ओढायचं आणि मग पाक पाजायचा, याला पाळणं म्हणायचं का?

माझं मत साधं आहे. पहिलं वर्ष त्यांचं, घर बांधायचं. एक पावसाळा निभावून वसाहत भरली, तर पुढच्या वर्षी कडेचं एखादं पोळं मागायला आपल्याला तोंड राहील.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा. वाद घालायला मी आहेच!