बक्षीस आणि भांडवल



मागील महिन्यात कारंज्याचे एक स्नेही घरी आले. त्यांची धान्याची अडत असून, बँकेत असताना त्यांचे खाते मी अनेक वर्षे पाहिलेले आहे. त्यांची कन्या बारावीत शिकते. पर्युषणात ती स्तवने गाते तेव्हा मंदिरात टाचणी पडली तरी ऐकू यावी, इतकी शांतता पसरते. दूरचित्रवाणीवरील एका गायनस्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी तिची निवड झाली होती. ‘‘साहेब, ही जिंकली तर जन्माची चिंता मिटेल ना? मग परीक्षा यंदा राहिली तरी चालेल,’’ असे ते म्हणाले.

मी त्यांना आपल्याच विदर्भातील वैशाली माडे यांचे उदाहरण सांगितले. मराठी ‘सारेगमप’नंतर २००९ साली त्यांनी हिंदी ‘सारेगमप’चेही विजेतेपद मिळविले. मात्र ज्या गीताने त्यांचा स्वर घरोघरी पोहोचला, ते ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ आले २०१५ साली. मधे सहा वर्षे गेली. पुढे २०१९ मध्ये ‘कलंक’ चित्रपटातही त्यांचा आवाज ऐकू आला. स्पर्धेने दार उघडले खरे, परंतु मधली वर्षे गळा तयार ठेवूनच काढावी लागली.

त्याच २००९ साली मराठी ‘लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी झाली. विजेतेपद आळंदीच्या कार्तिकी गायकवाडला मिळाले. पण आर्या आंबेकर, रोहित राऊत, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन हे उर्वरित चौघेही आज नामवंत गायक आहेत. म्हणजे पहिला क्रमांक हुकला म्हणून त्यांचे गाणे थांबले नाही, आणि केवळ पहिला क्रमांक मिळाल्याने कोणाचे गाणे टिकेल असेही नाही.

आता हिशेबाची बाजू पाहू. अशा स्पर्धेतील रोख बक्षिसावर ३० टक्के दराने आयकर लागतो, त्यावर उपकर वेगळा. प्रवास, पोशाख, शिकवणी यांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. उरलेली रक्कम म्हणजे एका हंगामातील तेजीचा नफा. तेजीच्या भरवशावर कोणी पेढी चालवीत नाही.

गायकाचे खरे भांडवल दोन प्रकारचे असते: विद्या आणि हक्क. विद्येविषयी मी बोलणे उचित नव्हे, ते गुरुजनांचे क्षेत्र. हक्कांविषयी मात्र आपणां व्यापाऱ्यांना सहज कळावे असे काही आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गायनाच्या व्यापारी वापरातून गायकाला मानधनाव्यतिरिक्त स्वामित्वधन मिळण्याचा हक्क स्पष्ट झाला. गायकाचा हा हक्क ५० वर्षे टिकतो. शिवाय एखाद्याने स्वतः पुढाकार घेऊन, स्वखर्चाने गाणे ध्वनिमुद्रित केले, तर त्या ध्वनिमुद्रणाची मालकी त्याचीच, तीही प्रकाशनानंतर ६० वर्षे. दुसऱ्याच्या दुकानात पगारावर राहणे आणि स्वतःची लहानशी का होईना पेढी उघडणे, यांत जो फरक, तोच येथेही आहे.

म्हणून मी स्नेह्यांना तीन गोष्टी सुचविल्या. परीक्षा सोडू नये, गुरूंकडील शिक्षण स्पर्धेनंतरही खंडित होऊ देऊ नये आणि करारपत्रावर वाचल्याविना स्वाक्षरी करू नये. किती वर्षे बांधून घेतात, त्या काळात अन्यत्र गाता येते की नाही आणि गाण्याची मालकी कोणाकडे राहते, हे तीन प्रश्न वकिलासमोर बसून विचारावेत. जमिनीचे खरेदीखत आपण चार वेळा वाचतो. मुलीच्या कंठाचा करार एकदा तरी वाचावा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे पाठवू नको, असे तर नाही ना?’’

‘‘अवश्य पाठवा,’’ मी म्हणालो. ‘‘फक्त जिंकली नाही, तर घरी आल्यावर तिचा तंबोरा माळ्यावर टाकू नका.’’

परवा त्यांचा दूरध्वनी आला. मुलगी परीक्षेला बसणार आहे आणि फेरीलाही जाणार आहे. करारपत्र आले की ते आधी माझ्याकडे आणणार आहेत. मी चष्मा पुसून ठेवला आहे.