गणिताच्या शिक्षकाला शिकू द्या

दहावीचा निकाल लागला की गणितात किती मुले गळाली याची चर्चा दोन-चार दिवस रंगते. मुलांना अभ्यास नको, पालकांना वेळ नाही, शिक्षकांत तळमळ उरलेली नाही, ही तीन कारणे ठरल्याप्रमाणे पुढे केली जातात आणि शाळा उघडल्या की सारे पूर्ववत चालू होते. या चर्चेत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गणित शिकविणाऱ्या शिक्षकाला नोकरीला लागल्यानंतर आपला विषय अधिक चांगला शिकविण्याचे शिक्षण कोठे मिळते? वयाच्या बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी मिळविलेल्या पदविकेच्या वा पदवीच्या शिदोरीवर त्याने पुढची तीस-पस्तीस वर्षे काढावीत, अशी आपल्या व्यवस्थेची एकूण अपेक्षा दिसते.

प्रश्न दहावीत उद्भवत नाही. तो तेथे केवळ उघड होतो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. पाचवीत भागाकार न येणारे मूल आठवीत बीजगणिताला आणि दहावीत वर्गसमीकरणाला कसे सामोरे जाणार? ते पाठांतर करते, गाईड चाळते आणि अखेरीस ‘गणित आपल्या डोक्याचे काम नाही’ असा निर्णय स्वतःविषयी देऊन टाकते. गरीब घरातील मुलीच्या बाबतीत हा निर्णय बहुधा तिच्या शिक्षणाचाच शेवट ठरतो.

बाजारातील हिशेब आणि फळ्यावरील हिशेब

नाशिक जिल्ह्यात, १९९९ साली स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. हा मुलूख कांद्याचा. देवळा आणि उमराणे येथील बाजार समित्यांच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि घरातील शाळकरी पोरही पुष्कळदा वडिलांबरोबर ट्रॉलीवर बसून आलेले असते. समजा, १८ क्विंटल ४० किलो कांदा भरला आणि भाव क्विंटलला १,२५० रुपये फुटला. बाजारात वावरलेले मूल कागद न घेता हिशेब मांडते. दहा क्विंटलचे साडेबारा हजार, आठाचे दहा हजार, झाले साडेबावीस. उरलेल्या चाळीस किलोंचे पाचशे. एकूण तेवीस हजार. सौदापट्टीवर आकडा चुकला तर तेच पोर वडिलांच्या आधी बोट ठेवील. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर १८.४० गुणिले १,२५० असे लिहिले की त्याच मुलाचा हात थांबतो. दशांशचिन्ह कोठे द्यायचे, शून्ये किती, याच गोंधळात ते अडकते.

हा अनुभव एकट्या देवळ्याचा नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. ठेल्यावर जवळजवळ अचूक हिशेब करणारी ही मुले तीच आकडेमोड कागदावर दिली असता वारंवार चुकत होती. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. बाजारात पटाईत असलेली मुले शालेय उदाहरणांत अडखळली आणि बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले व्यवहारातील हिशेबात अडखळली. दोन्हीकडे बुद्धी होती. नव्हता तो एका गणितातून दुसऱ्यात जाण्याचा पूल. हा पूल पाठ्यपुस्तक बांधू शकत नाही आणि भिंतीवरचा डिजिटल फळाही नाही. समोरच्या मुलाला काय येते हे जाणून त्याला फळ्यावरच्या चिन्हांपर्यंत हात धरून नेणे हे शिक्षकाचे काम आहे. ते करण्यासाठी शिक्षकाला गणित येणे आवश्यक आहे. परंतु तेवढेच पुरेसे नाही.

शिकविण्यासाठी लागणारे गणित

ही बाब स्पष्ट करणारा एक अभ्यास लिपिंग मा या विदुषीने १९९९ साली ग्रंथरूपाने मांडला. तिने २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवायला सांगितले आणि त्यावर मुलांसाठी व्यवहारातील एखादे उदाहरण रचण्यास सांगितले. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही पूर्ण व अचूक उत्तर काढता आले नाही आणि योग्य उदाहरण रचणारा तर त्यांत जेमतेम एक निघाला. अनेकांनी अर्ध्याने भागणे आणि दोनाने भागणे यांत गल्लत केली. चिनी शिक्षक सर्वच्या सर्व बरोबर होते व त्यांतील बहुसंख्यांनी योग्य उदाहरणेही रचली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होते. फरक होता तो नोकरीत असताना सहकाऱ्यांबरोबर बसून पाठ्यपुस्तकाचा, पाठांचा आणि मुलांच्या उत्तरांचा अभ्यास करण्याच्या सवयीचा.

मराठी शिक्षकाला तर या बाबतीत भाषेचीच मोठी मदत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलाच्या कानावर घरात रोज पडतात. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे एके काळी शाळेत घोकून घेतले जात. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजले तर साडेतीन मापे भरतात, हे चौथीतील मुलालाही पटते. अपूर्णांकाचा भागाकार केल्यावर उत्तर मोठे कसे आले, हे कोडे तेथेच सुटते. ‘भाजक उलटा करून गुणा’ हा नियम त्यानंतर आला तर तो मुलाच्या डोक्यात राहतो.

भाषा मदत करते तशी अडवतेही. ‘त्र्याऐंशी’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात व ऐंशी नंतर. लिहिताना मात्र आठ आधी लिहायचे. लहान मूल ३८ लिहून मोकळे होते. ‘तीनशे पाच’ ऐकून ३००५ लिहिणारे मूलही वेडे नसते; ऐकले ते त्याने इमानाने लिहिलेले असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ अशी मांडणी आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! गणित विषयाच्या समितीचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. मंगला नारळीकर यांनी, जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानामे लहान मुलांना जड जातात, असे शांतपणे समजावून सांगितले. या वादात विनोद झाले, विधिमंडळात टीका झाली. परंतु वर्गात मुले नेमकी कोठे चुकतात, हे ज्यांना ठाऊक असणार त्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांचे म्हणणे फारसे कोणी विचारले नाही. शिक्षकांकडेही मुलांच्या चुकांची व्यवस्थित टिपणे असती, तर हा वाद भावनेवर न होता पुराव्यावर झाला असता.

मुलाची चूक हा शिक्षकाच्या हाती येणारा सर्वांत मोलाचा कागद आहे. ०.३५ हा ०.५ पेक्षा मोठा म्हणणारा विद्यार्थी पस्तीस आणि पाच यांची तुलना करीत असतो. एकचतुर्थांश हा एकतृतीयांशापेक्षा मोठा म्हणणारा चार आणि तीन यांची. दोघांच्याही चुकीमागे एक नियम आहे आणि तो पूर्ण संख्यांच्या राज्यात खरा ठरलेला नियम आहे. त्यावर लाल फुली मारून पुढे गेल्याने तो नाहीसा होत नाही. ‘तुला असे का वाटले?’ असे विचारून थांबले, वर्गातील दोन-तीन वेगवेगळी उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली आणि मुलांनाच त्यांत निवाडा करू दिला, तर मात्र तो नियम आपल्या जागी जाऊन बसतो. काड्यांचे गठ्ठे, मग चित्र आणि मग चिन्ह हा क्रमही याच कारणाने महत्त्वाचा आहे. या पद्धती नव्या नाहीत आणि खर्चाच्याही नाहीत. त्या वाचून येत नाहीत, एवढीच त्यांची अडचण आहे. त्या कोणी तरी करून दाखवाव्या लागतात आणि आपण करीत असताना कोणी तरी पाहावे लागते.

कापरेकर आणि एकटेपणा

या संदर्भात नाशिक जिल्ह्यानेच पाहिलेल्या एका शिक्षकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळाली येथे शाळेत शिकवीत होते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. १९७४ घेतली तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि अखेरीस ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते. १९४९ साली त्यांनी जाहीर केलेली ही गोष्ट मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून सांगितल्यावर जगभर पोचली. चौथीच्या वर्गात ही संख्या खेळायला दिली तर मुले हातच्याच्या वजाबाक्या कंटाळ्याशिवाय सोडवितात आणि आपली चूक आपणच शोधतात, कारण ६१७४ आले नाही म्हणजे कोठे तरी बिघडले आहे हे त्यांना कळते.

परंतु कापरेकरांचे नाव घेऊन शिक्षकांना उपदेश करणे सोपे आहे, आणि तो अन्यायही होईल. ते आपल्या छंदाच्या बळावर, पुष्कळसे लेखन पदरमोड करून छापत, विषयाचे विद्यार्थी राहिले. असा माणूस दशकांतून एखादा निपजतो. लाखो मुलांचे गणित अशा एकट्या ध्यासावर सोडून देता येत नाही. सामान्य कुवतीच्या, संसारी, प्रामाणिक शिक्षकालाही दर वर्षी थोडे अधिक शिकता येईल अशी सोय करणे हे व्यवस्थेचे काम आहे.

आजची प्रशिक्षणे

सोय अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. गट साधन केंद्रे आली, केंद्रप्रमुख आले. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा घातली. प्रश्न असा की हे तास भरायचे कशाने? राज्यातील तज्ज्ञाने जिल्ह्याच्या तज्ज्ञाला सांगायचे, त्याने तालुक्याच्या सुलभकाला आणि त्याने शिक्षकांना, ही रीत रूढ आहे. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेतो जसे आटते, तसे यात ज्ञानाचे होते. पडद्यावरची प्रशिक्षणे पाहून प्रमाणपत्रे मिळतात. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, तेही वेतनवाढीचा टप्पा म्हणूनच पाहिले जाते. या साऱ्यांत ‘माझ्या वर्गातील सहा मुलांना हातचा का कळत नाही?’ या शिक्षकाच्या खऱ्या प्रश्नाला जागाच नसते.

जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निराळी प्रथा चालत आली आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात. मुले कोणती उत्तरे देतील, कोठे चुकतील, याचा आधी अंदाज बांधतात. एक जण तो पाठ खऱ्या वर्गात घेतो. बाकीचे मागे बसून शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहतात व टिपणे घेतात. नंतर चर्चा होते ती पाठाची, व्यक्तीची नव्हे. सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो.

देवळ्यासारख्या तालुक्यात हे अशक्य आहे काय? केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद ठरलेलीच आहे. तिच्यातील परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते बाजूला ठेवून महिन्यातून एक पाठ सर्वांनी मिळून पाहावा. सौदापट्टीवरून दशांश अपूर्णांक शिकविणारा पाठ उमराण्याच्या एखाद्या शाळेत घेतला गेला आणि लोहोणेरच्या शिक्षकांनी तो पाहिला, तर दोन्ही गावांचे कल्याणच होईल. माध्यमिक शाळांतील परिस्थिती अधिक बिकट आहे. तेथे गणिताचा शिक्षक पुष्कळदा शाळेत एकटाच असतो आणि विषयावर बोलायला त्याला शेजारच्या टेबलावर कोणी नसते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना मांडली होती. २०२० च्या धोरणाने ती पुन्हा उचलली आहे. जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी संस्थांच्या शाळांतील गणित शिक्षकांनी एकत्र बसावे, यासाठी याहून निराळा आधार हवा कशाला?

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली वेळेची. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाकडे ठेवली. प्रत्यक्षात नाना प्रकारची माहिती भरण्यात त्याचे दिवस जातात. दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षक पाठ पाहायला गेला तर दुसऱ्यावर सर्व वर्ग पडतात. तेव्हा शिक्षकांनी शिकावे असे वाटणाऱ्या शासनाने आधी त्यांचे तास मोकळे केले पाहिजेत. दुसरी अडचण मनाची. वर्गात कोणी मागे येऊन बसले म्हणजे तपासणी, ही भीती शिक्षकांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. ती घालविण्याचा मार्ग एकच. अशा पाठाचा शेरा कोणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही, हे अधिकाऱ्यांनी लेखी द्यावे आणि पहिला पाठ तालुक्यातील अनुभवी, ज्येष्ठ शिक्षकाने घ्यावा. आपल्याही पाठात उणीव राहते, हे ज्येष्ठांनी चारचौघांत मान्य केले की नवखा आपोआप मोकळा होतो.

गणित येत नाही म्हणून शाळा सोडणारे मूल पुढे शेतावर वा दुकानात हिशेब चोख करीतच असते. त्याला गणित येत होते आणि शाळेला ते ओळखता आले नाही, एवढाच याचा अर्थ. ती ओळख पटविण्याचे काम पटलावरील आकडे किंवा नवी अॅपे करणार नाहीत. महिन्यातील एक दिवस, एक वर्ग आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले चार सहकारी एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. त्यासाठी नव्या योजनेच्या उद्‌घाटनाची वाट पाहण्याचे कारण नाही.