दुकानात धार, घरात बोथट सुरी

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली की आपल्या मोहल्ल्यांतून धारवाल्याची सायकल फिरू लागते. सायकल स्टँडवर चढते, पायडल मारताच चाक गरगर फिरते आणि ठिणग्या उडतात. घराघरांतून कुर्बानीचे सुरे बाहेर येतात. वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेला सुरा घरचा कर्ता पुरुष स्वतः घेऊन येतो, धार निरखून पाहतो, मनासारखी नसली तर पुन्हा लावायला सांगतो. या रांगेत स्वयंपाकघरातली सुरी मात्र क्वचितच दिसते. जिच्यावर वर्षाचे बाराही महिने कांदा, भाजी आणि मटण कापले जाते ती सुरी घरीच राहते, आणि बहुधा ती बोथट असते.

कुर्बानीच्या सुऱ्याला धार का लावायची, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. अल्लाहने प्रत्येक बाबतीत 'एहसान', म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, आवश्यक ठरविले आहे. जनावर जिबह करताना पात्याला नीट धार लावावी आणि जनावराला कमीत कमी त्रास होऊ द्यावा, असा तिचा आशय आहे. आपण त्यातला सुऱ्याचा भाग लक्षात ठेवला, 'प्रत्येक बाबतीत' हा भाग मात्र विसरलो. मुक्या जनावराला त्रास होऊ नये म्हणून वर्षातून एकदा आपण धारवाल्यासमोर उभे राहतो. मग जी आपल्यासाठी रोज दोन वेळा बोथट पात्याशी झगडते, तिच्या त्रासाचा विचार कोणी करायचा?

हत्याराची किंमत आपल्याला कळत नाही असे नाही. आपल्या समाजात शिंपी, खाटीक, न्हावी, सुतार, चर्मकाम करणारे असे कारागीर कितीतरी आहेत. चांगला शिंपी आपल्या कापडाच्या कात्रीला घरात कोणालाही कागद कापू देत नाही. खाटीक आपला सुरा दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही. सुताराच्या रंध्याला हात लावून पाहा, तो काय म्हणतो ते कळेल. हत्यार चांगले तर काम चांगले आणि काम चांगले तर रोजी चांगली, हे सर्वांना पाठ आहे. पण हेच बंधू घरासाठी सुरी घेतात तेव्हा हातगाडीवरच्या ढिगातून सर्वात स्वस्त ती उचलतात. ती दोन महिन्यांत बोथट होते आणि घरातली बाई टोमॅटो कापत नाही, चिरडते. बोथट सुरीला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे ती घसरते आणि हात कापतो. मनगट दुखते ते वेगळेच.

म्हणून या पानाच्या वाचकांना माझे सांगणे असे की, येत्या ईदला किंवा निकाहच्या वाढदिवसाला आपल्या पत्नीला एक चांगली सुरी भेट द्या. एकमेकांना भेटी दिल्याने प्रेम वाढते, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती भेट अत्तराची वा दागिन्याचीच असली पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप घरातली वडीलधारी मंडळी घेतात. सुरी भेट दिली की नाते तुटते, असा समज आपल्याकडेही आहे आणि युरोपातही आहे. तिकडे यावर तोड म्हणून सुरी घेणारा देणाऱ्याला एक नाणे देतो, म्हणजे ती विकत घेतली असे होते. इस्लामने अपशकुनाची कल्पनाच नाकारली आहे. नाते तुटते ते कठोर शब्दाने आणि हक्क बुडविल्याने. लोखंडाच्या पात्यात ती ताकद नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. एखादी भगिनी विचारेल, "स्वयंपाकाची वस्तू भेट देणे म्हणजे आणखी राबा असे सांगणे नव्हे काय?" याचे उत्तर पतीच्या वागण्यावर अवलंबून आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) घरी असताना काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत असे त्यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. ज्याने सुरी आणली त्याने सुटीच्या दिवशी त्याच सुरीने कांदा कापावा. मग ही भेट आहे की हुकूम, हा प्रश्न उरणार नाही. पत्नीच्या मनात दुसरेच काही असेल तर तिला तेच द्यावे आणि सुरी घरखर्चातून आणावी.

तिसरा आक्षेप खर्चाचा. याचा हिशेब व्यापाऱ्याला सांगायला नको. समजा सुरी बाराशे रुपयांची आहे आणि नीट वापरल्याने दहा वर्षे टिकली, तर महिन्याला दहा रुपये पडतात. साठ रुपयांची सुरी वर्षातून दोनदा बदलली तरी दहा वर्षांत तेवढेच बाराशे जातात, आणि काम मात्र सगळा काळ बोथट पात्यानेच होते.

सुरी पारखावी कशी?

आधी पत्नीला विचारा. चकित करण्याच्या नादात चुकीची वस्तू आणू नये. ती काय जास्त कापते, तिचा हात मोठा की लहान, ती डावखुरी आहे काय, हे पाहा. बहुतेक घरांना पंधरा ते वीस सेंटिमीटर पात्याची एक सुरी आणि आठ-दहा सेंटिमीटरची एक लहान सुरी पुरते. डझनभर सुऱ्यांचा शोभिवंत संच घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन चांगल्या घ्याव्यात. आणि विळी टाकून देऊ नका. कोकणातल्या घरात मासळी साफ करणे आणि नारळ खवणे यासाठी विळीच हातात बसलेली असते. सुरी तिच्या जोडीला आहे, तिच्या जागी नव्हे.

मग पोलाद पाहा. साधे कार्बनचे पोलाद चांगली धार घेते, दगडावर लवकर लागते, पण लिंबू, कोकम, टोमॅटो यांच्या आंबटपणाने काळे पडते आणि ओले राहिले तर गंजते. ज्या घरात सुरी लगेच धुऊन पुसली जाते तेथे ते उत्तम. स्टेनलेस पोलादात क्रोमियम निदान साडेदहा टक्के असते, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. दमट हवेत, विशेषतः किनाऱ्यालगत, तेच सोयीचे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोहचुंबक चिकटत नाही ते अस्सल स्टील, असे भांड्यांच्या दुकानात शिकलेले ग्राहक सुरीलाही तीच कसोटी लावतात. सुरीच्या बाबतीत हे उलटे आहे. भांड्यांच्या स्टीलला तापवून विझवले तरी ते कडक होत नाही, म्हणून त्याची धार टिकत नाही. ज्या पोलादाला पाणी देऊन कडक करता येते त्याला चुंबक चिकटतो. तेव्हा चुंबक चिकटला नाही तर ती सुरी घेऊ नका. मात्र चिकटला म्हणजे पाणी नीट दिले आहे असेही नव्हे. कडकपणा रॉकवेल मापात सांगतात. युरोपी धर्तीच्या सुऱ्या साधारण ५४ ते ५८, तर अनेक जपानी सुऱ्या ६० च्या वर असतात. जास्त कडक पाते धार जास्त दिवस धरते, पण हाडावर मारले तर त्याचा टवका उडतो. ज्या घरात हाडासकट मटण तोडले जाते तेथे त्या कामाला जाड सत्तूर वेगळा ठेवावा.

मूठही तपासा. पात्याचे लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेले असावे आणि लाकूड व लोखंड यांच्यामध्ये फट नसावी, कारण त्या फटीत पाणी आणि घाण साचते. सुरी डोळ्यासमोर आडवी धरून पाते सरळ आहे का ते पाहा. ती हातात धरायला देतील अशाच दुकानातून घ्या.

धारवाल्या बंधूंना एक शब्द

चांगली सुरी घेतली आणि वाईट हाती धारेला दिली तर पैसे पाण्यात गेले. कोरड्या चाकावर पाते जोराने दाबले की ते इतके तापते की धारेजवळ निळसर रंग येतो. हा रंग म्हणजे पोलादाचे पाणी उतरल्याची खूण. त्या जागेची धार पुन्हा टिकत नाही. जास्त ठिणग्या म्हणजे चांगली धार असे ग्राहकाला वाटते आणि कारागीरही त्याला तेच दाखवतो. असे करू नये. हलका हात ठेवावा, पाते वरचेवर पाण्यात बुडवावे आणि शेवटचा हात ओल्या दगडावर फिरवावा. दोन मिनिटे जास्त लागतील, पण ग्राहक पुढच्या वेळी शोधत येईल. घरातही एक धारेचा दगड असावा. कापताना खाली लाकडी फळी असावी. दगडी ओट्यावर, काचेवर किंवा स्टीलच्या ताटात कापल्याने कोणतीही धार मरते.

विक्रेत्याची जबाबदारी

पवित्र कुरआनात लोखंडाच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे, 'अल-हदीद', आणि त्यात लोखंडाच्या शक्तीबरोबरच लोकांना होणाऱ्या त्याच्या उपयोगाचाही उल्लेख आहे. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि चिलखताच्या कड्या मापात बनविण्याची आज्ञा झाली, हे सूरह सबामध्ये आहे. हजरत खब्बाब बिन अरत (रजि.) हे मक्केत लोहारकाम करीत. त्यांनी एका सरदाराचे काम करून दिले आणि त्याने ईमान सोडल्याशिवाय मजुरी देण्यास नकार दिला, तरी ते डगमगले नाहीत. हा धंदा असा मानाचा आहे.

आज बाजारात मात्र काय दिसते? पात्यावर नुसती नक्षी उमटवून ती 'दमास्कस' म्हणून विकली जाते. जे पोलाद दमास्कसच्या नावाने जगभर गाजले त्याचा कच्चा माल दक्षिण भारतातून आणि दख्खनमधून जात होता, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कोणत्याही पात्यावर परदेशाचे नाव ठोकले जाते. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे त्यांनी बजावले. सुरीवरचा खोटा शिक्का हे त्याच ओल्या धान्यासारखे आहे.

जर्मनीतील झोलिंगेन शहराने १९३८ पासून कायद्याने आपले नाव राखले आहे. त्या परिसरात न बनलेल्या सुरीवर ते नाव घालता येत नाही. आपल्याकडे मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कात्र्या मोडीतल्या गाड्यांच्या पोलादापासून बनतात आणि पुन्हा पुन्हा धार लावून पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्या बनविणाऱ्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. मानांकनाने नाव वाचते. माल खरा ठेवणे कारागिराच्या हाती आहे. पोलाद कोणते, धार कशी लावावी आणि मूठ सैल झाली तर कोठे आणावी, एवढे जो दुकानदार न विचारता सांगेल त्याच्याकडे ग्राहक मुलीच्या लग्नातही येईल.

शेवटी, भेट देण्याची रीत. उघडी तलवार एकमेकांच्या हाती देण्यास हदीसमध्ये मनाई आहे, आणि बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत असेही सांगितले आहे. सुरी म्यानात किंवा जाड पुठ्ठ्यात घालून, मूठ तिच्याकडे करून द्या. आखातातून आणणार असाल तर ती हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. मोठ्या सामानात नीट बांधून ठेवा. मुलांचा हात पोहोचणार नाही अशी जागाही घरात आधीच ठरवा.

आणि ज्यांना यंदा नवी सुरी घेणे जमणार नाही त्यांनी एवढे तरी करावे. या ईदला धारवाल्याची सायकल दारात आली की कुर्बानीच्या सुऱ्याआधी स्वयंपाकघरातली सुरी त्याच्या हाती द्यावी. अल्लाह आपल्याला प्रत्येक काम एहसानने करण्याची बुद्धी देवो. आमीन.